निरीक्षण आणि सरासरी : एका सांख्यिकीय भेदाचा इतिहास

प्रस्तावना

एकाच समष्टीतून घेतलेली स्वतंत्र निरीक्षणे जितकी विखुरलेली असतात, तितक्या त्यांच्या सरासऱ्या विखुरलेल्या नसतात. चार निरीक्षणांच्या सरासरीचे प्रमाण विचलन मूळ विचलनाच्या निम्मे, तर शंभरांच्या सरासरीचे एकदशांश असते. म्हणजेच ते नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत येणारा हा नियम प्रस्थापित होण्यास मात्र दीर्घ काळ लागला. त्या वाटचालीतील तीन टप्प्यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सिम्पसन : सरासरीचे समर्थन

अठराव्या शतकात अनेक निरीक्षणांची सरासरी घेण्याची पद्धत खगोलशास्त्रज्ञांमध्ये होती; परंतु काळजीपूर्वक घेतलेले एकच निरीक्षण तितकेच विश्वसनीय असते, असे मानणारेही होते. त्यांना उत्तर म्हणून थॉमस सिम्पसन यांनी १७५५ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड मॅकल्सफील्ड यांना पत्ररूपाने एक निबंध सादर केला. त्रुटी उणे पाच ते अधिक पाच सेकंदांच्या दरम्यान असतात आणि लहान त्रुटी अधिक संभवतात, असे त्यांनी गृहीत धरले. एका निरीक्षणाची त्रुटी एक सेकंदाच्या आत राहण्याची संभाव्यता ३६ पैकी १६ येते. सहा निरीक्षणांच्या सरासरीबाबत ती ७० टक्क्यांहून अधिक होते. थॉमस बेज यांनी यावर मार्मिक आक्षेप घेतला : उपकरणच सदोष असेल, तर निरीक्षणे वाढवून दोष जात नाही. हा आक्षेप आजही तितकाच ग्राह्य आहे.

लाप्लास : वितरणाचा आकार

द म्वाव्र यांनी १७३३ मध्ये द्विपद वितरणासाठी दाखविलेली प्रसामान्य वक्राची सन्निकटता लाप्लास यांनी १८१० मध्ये व्यापक केली. मूळ निरीक्षणांचे वितरण कोणत्याही आकाराचे असले, तरी काही सामान्य अटींखाली मोठ्या नमुन्यांच्या सरासऱ्या प्रसामान्य वितरणाकडे झुकतात. येथे सरासरीचे वितरण मूळ वितरणापासून आकारानेही वेगळे ठरले.

गॉसेट : लहान नमुन्यांचा प्रश्न

डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातील विल्यम गॉसेट यांच्यापुढे मोजक्याच प्रयोगांवरून निर्णय घेण्याची अडचण होती. मूळ प्रमाण विचलन ज्ञात नसते. ते त्याच लहान नमुन्यावरून काढावे लागते आणि त्यामुळे अनिश्चितता वाढते. १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ‘बायोमेट्रिका’त प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी या स्थितीसाठी योग्य वितरण मांडले. पडताळ्यासाठी त्यांनी ३००० गुन्हेगारांची उंची व डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून ते पिसले आणि चार-चारांचे ७५० नमुने केले. नमुन्यांचे वितरण प्रत्यक्ष हाताळून पाहण्याचा हा आरंभीचा प्रयोग होय.

निष्कर्ष

सिम्पसन यांनी सरासरीची श्रेष्ठता, लाप्लास यांनी तिच्या वितरणाचा आकार आणि गॉसेट यांनी लहान नमुन्यातील तिची मर्यादा स्पष्ट केली. हा भेद केवळ ऐतिहासिक नाही. शोधनिबंधांत सरासरीपुढे ‘अधिक-उणे’ लिहिताना ती संख्या प्रमाण विचलन आहे की प्रमाण त्रुटी, हे सांगितलेच पाहिजे. पहिली संख्या विद्यार्थ्यांच्या गुणांमधील भिन्नता दर्शविते. दुसरी, त्या गुणांच्या सरासरीविषयीची अनिश्चितता. प्रमाण त्रुटी लहान आहे म्हणून वर्ग एकसारखा आहे असा निष्कर्ष काढल्यास, मागे पडलेला विद्यार्थी सरासरीआड झाकला जातो.