शुक्रवारची रात्र, शनिवारची पहाट

शिवराज्याभिषेक कोणत्या वारी झाला, असे वर्गात विचारले की आम्हांला दोन उत्तरे मिळतात, आणि दोन्ही बरोबर असतात. जेधे शकावलीत शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार अशी नोंद आहे. इंग्रजी तारीख ६ जून १६७४. त्या दिवशी शनिवार होता. उलगडा त्या नोंदीतच आहे. सूर्योदयाला तीन घटिका अवकाश असताना महाराज सिंहासनावर बसले.

घटिका म्हणजे अहोरात्राचा साठावा भाग, आजची २४ मिनिटे. तिची पळे ६०. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटका झाली. (‘घटका भरली’ हा वाक्प्रचार विद्यार्थी सहज वापरतात, पण त्यामागची बुडणारी वाटी बहुतेकांनी पाहिलेली नसते.) मोजणी सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. मध्यरात्रीला या हिशेबात स्थानच नाही. उजाडण्यापूर्वी ७२ मिनिटे शुक्रवारच्या ५७ घटिका सरल्या होत्या, तीन उरल्या होत्या. इंग्रजांचा शनिवार मात्र मध्यरात्रीच लागला होता.

तिथीचे गणित याहून निराळे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. त्याला कधी ५० घटिका लागतात, कधी ६७, त्यामुळे तिथी दिवसाच्या कोणत्याही वेळी पालटते. दिवसाला नाव मिळते ते सूर्योदयाच्या तिथीचे. त्या शुक्रवारी उजाडताना द्वादशी होती. ती दिवसाच संपली, आणि प्रत्यक्ष सिंहासनारोहण झाले तेव्हा त्रयोदशी चालू होती. म्हणून राज्याभिषेक शकाचा आरंभ ज्येष्ठ शुद्ध १३ पासून होतो, आणि रायगडावरचा तिथीचा सोहळाही त्रयोदशीलाच असतो. शकावलीतली बारस ‘सुधारून’ तेरस करण्याचा मोह एखाद्या संपादकाला होईल. आमच्या मते तो पुरावा पुसण्याचाच प्रकार ठरेल.

६ जून ही तारीखही जुन्या, ज्युलियन पद्धतीची. इंग्रजांनी ती पद्धत १७५२ साली सोडली. आजच्या पद्धतीने तो दिवस १६ जून १६७४; वार मात्र शनिवारच राहतो.

पेशवाईतल्या पत्रांत आणखी एक गाठ असते. ‘छ’ या अक्षरापुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते, आणि ती कालगणना दिवस सूर्यास्तापासून धरते. म्हणजे सूर्योदय, सूर्यास्त आणि मध्यरात्र असे दिवसाचे तीन आरंभ. जंत्री एका तिथीपुढे एकच इंग्रजी तारीख छापते. पत्र दिवेलागणीनंतरचे की पहाटेचे, हे तिला ठाऊक नसते. मजकुरात ‘प्रहर रात्र’, ‘अस्तमान’, ‘चार घटका दिवस’ असा एखादा शब्द सापडतो का, हे आधी पाहावे आणि मगच जंत्री उघडावी.