पुढचं पान

फाईल उघडली आणि स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसला. मधेच कंस, मधेच टक्क्याचं चिन्ह. शेजारी बसलेल्या आत्यानं चष्मा वर केला. "हे काय गं? माझ्या ओव्या कुठायत?"

आजी जात्यावर म्हणायची त्या ओव्या आत्यानं वहीत उतरवल्या होत्या. २००२ साली सांगलीतल्या एका सायबर कॅफेत बसून तिनं त्यांची वेबसाइट केली. फुकट जागा देणारी कुठलीशी सेवा होती आणि साइट जेमतेम दोन पानांची. वही पुढे घर बदलताना हरवली. काही वर्षांनी त्या सेवेनंही गाशा गुंडाळला. त्याआधी कॅफेतल्या पोरानं सगळं फ्लॉपीवर 'सेव्ह' करून दिलं होतं. तिथून बाबांच्या कॉम्प्युटरवर आणि मग हार्ड डिस्कवर, असा प्रवास करत ती फाईल माझ्याकडे आली. आजी २००९ मध्ये गेली.

त्याच वर्षी इंटरनेटवरचं एक अख्खं शहरही गेलं. जिओसिटीज त्याचं नाव. १९९४ साली सुरू झालेल्या या साइटवर कुणालाही फुकटात स्वतःचं पान बांधता यायचं. विषयांप्रमाणे वस्त्या होत्या. सिनेमावाल्यांसाठी हॉलिवूड, कॉम्प्युटरवाल्यांसाठी सिलिकॉन व्हॅली. १९९९ मध्ये याहूनं साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त मोजून ती विकत घेतली, आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. लोकांच्या हातात उरले होते जेमतेम सहा महिने.

तेव्हा जेसन स्कॉट या अमेरिकन माणसाभोवती जमलेल्या 'आर्काइव्ह टीम' नावाच्या स्वयंसेवकांनी जमेल तितकी पानं आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. वर्षभरानं त्यांनी सुमारे साडेसहाशे जीबीचा तो ढिगारा सगळ्यांसाठी खुला केला. जिओसिटीजचं जे आज पाहायला मिळतं, त्यातलं बरंचसं अशा परक्या माणसांच्या धडपडीमुळे.

ही धडपड करण्याची साधनं मात्र आधीच तयार होती. १९९६ साली क्रोएशियाच्या ह्र्वोये निक्शिचनं 'डब्ल्यूगेट' हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो काळ टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा. फाईल अर्धी उतरली की लाइन तुटायची. डब्ल्यूगेट पुन्हा प्रयत्न करायचा, आणि सर्व्हर साथ देत असेल तर तुटलं तिथूनच पुढे सुरू करायचा. शिवाय पानावरच्या लिंका धरून पुढची पानंही आणायचा. दोन वर्षांनी फ्रान्सच्या झेवियर रोशनं 'एचटीट्रॅक' आणला, त्यामुळे हेच काम कमांड न लिहिता होऊ लागलं. १९९६ सालीच ब्रूस्टर काल यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'इंटरनेट आर्काइव्ह' सुरू केलं. २००१ पासून त्यांच्या 'वेबॅक मशीन'वर जुनी पानं कुणालाही पाहता येतात.

आत्याच्या फाईलचं दुखणं मात्र वेगळंच होतं. तेव्हा मराठी साइट सर्रास युनिकोडमध्ये नसत. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट वापरायचे. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर काला. पान सेव्ह झालं होतं, फॉन्ट झाला नव्हता. सुदैवानं बाबांच्या जुन्या सीडीत तो सापडला. मग मी युनिकोडमध्ये बदलणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. दोन रविवार त्यात गेले.

एकतीस ओव्या उघडल्या. आत्या वाचत खाली आली आणि थांबली. तळाशी निळ्या अक्षरांत होतं, 'पुढचं पान'. मी क्लिक केलं. काही नाही.

कॅफेतल्या पोरानं समोर दिसणारं पान सेव्ह केलं होतं. ब्राउझर एवढंच करतो, लिंकेपलीकडचं आणत नाही. वेबॅक मशीनवरही शोधलं, तिथे आमची साइट नव्हतीच. दुसऱ्या पानावरच्या ओव्यांपैकी चार आत्याला आठवल्या. त्या लगेच टाइप केल्या.

तुम्ही म्हणाल, हे जुन्या काळचं. पण ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या पोरांचे व्हिडिओ रातोरात दिसेनासे झाले. ज्यांच्या फोनच्या गॅलरीत कॉपी होती, त्यांचंच उरलं. इन्स्टाग्रामवरचं 'सेव्ह' हीदेखील नुसती खूण आहे. मूळ पोस्ट उडाली की तीही उडाली. आणि सगळं इंटरनेट आर्काइव्हवर सोडावं, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे तेच काही दिवस बंद होतं.

म्हणून सुरुवात साधी करा. कॉम्प्युटरवर पान उघडून कंट्रोल आणि एस दाबा, 'वेबपेज, कम्प्लीट' निवडा. शेजारी चित्रांचं फोल्डर तयार होईल, ते फाईलपासून वेगळं करू नका. फोनवर क्रोममध्ये शेअर, मग प्रिंट, मग पीडीएफ. अख्खी साइट हवी असेल तर एचटीट्रॅक. स्वतःच्या अकाउंटचा डेटा मागवायची सोय सेटिंग्जमध्ये असते, ती वापरा. फाईलच्या नावात तारीख आणि मूळ पत्ता टाका. एक कॉपी कॉम्प्युटरवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर ठेवा. दुसऱ्याचं लेखन स्वतःपुरतं जपा, स्वतःच्या नावानं पसरवू नका.

आणि सेव्ह केल्यावर इंटरनेट बंद करून ती फाईल एकदा उघडून बघा. तळापर्यंत जा. तिथे 'पुढचं पान' असेल, तर तेही आत्ताच घ्या.