एका सरळमार्गी काळाची गोष्ट

२००७ साली कामानिमित्त दीड महिना लियोंला होतो. त्याआधी वर्षभर पुण्यात शनिवार-रविवारी फ्रेंचचे वर्ग केले होते, त्यामुळे अंगात जरा मस्ती होतीच. निघायच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर छोटंसं भाषण ठोकलं. "तुम्हाला हे कळावं अशी माझी इच्छा होती" असं म्हणायचं होतं. व्याकरणाच्या पुस्तकाला स्मरून मी 'सावुआर' म्हणजे 'माहीत असणे' ह्या क्रियापदाचं 'व्हू स्यूसिए' हे रूप वापरलं. क्षणभर शांतता, आणि मग जो हशा पिकला!

शेजारच्या सहकाऱ्यानं डोळे पुसत समजावलं. रूप शंभर टक्के बरोबर होतं, फक्त 'चोखणे' ह्या क्रियापदाचं एक रूप कानाला हुबेहूब तसंच लागतं. "आणि असं आता कोणी बोलत नाही रे बाबा!"

असो. फजिती गिळली, पण प्रश्न राहिला. बरोबर रूप हास्यास्पद कसं काय होतं?

आधी थोडं व्याकरण. इच्छा, भीती, शंका असलं काही असलं की फ्रेंचमध्ये क्रियापद 'सबजाँक्तिफ'मध्ये जातं. आपल्या 'आवं'चा चुलतभाऊ समजा. आपण 'त्यानं यावं असं वाटतं' म्हणतो आणि 'त्यानं यावं असं वाटत होतं' असंही म्हणतो. 'वाटतं'चं 'वाटत होतं' झालं तरी 'यावं' जागचं हलत नाही. जुन्या शिस्तीच्या फ्रेंचमध्ये मात्र मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की मागच्यानंही जायलाच हवं. 'व्हियेन'चं 'व्हॅं' होतं. हा झाला अपूर्ण भूतकाळाचा सबजाँक्तिफ. ('आला असावा'च्या जवळ जाणारा दुसरा भूतकाळी सबजाँक्तिफ आहे, तो धडधाकट आहे. त्याची काळजी नको.)

परत आल्यावर एका वीकेंडला मी क्रियापदं चालवणारा प्रोग्राम लिहायला घेतला. वर्तमानकाळी सबजाँक्तिफनं घाम काढला. असणे, जाणे, करणे, शकणे, प्रत्येकाची वेगळी तऱ्हा, नुसते इफ-एल्स. आणि हा बदनाम भूतकाळ? चार ओळींत संपला! साध्या भूतकाळाचं 'तू'चं रूप घ्यायचं आणि त्याला ठरलेले प्रत्यय जोडायचे. फक्त 'तो'च्या रूपात शेवटचा 'एस' काढून 'टी' लावायचा आणि स्वरावर टोपी चढवायची. क्रियापद कितीही वाकडं असो, नियम तोच. अडला तो एकाच ठिकाणी. 'द्वेष करणे'च्या 'आईर'मध्ये त्या स्वरावर आधीच दोन टिंबं बसलेली, मग टोपीला जागाच नाही!

फ्रेंचमधला सगळ्यात सरळमार्गी काळ तोच, आणि नेमका तोच मेला.

त्याचा इतिहासही गमतीचा आहे. लॅटिनमध्ये ह्या कामासाठी 'अमारेम' असं रूप होतं. फ्रेंच बनता बनता ते गळून पडलं आणि त्याच्या जागी लॅटिनच्याच पूर्ण भूतकाळाचं 'अमाविस्सेम' घासून घासून बसवलं गेलं. म्हणजे हे आधीच एकाच्या जागेवर आलेलं बदली रूप! 'तो'च्या रूपातली टोपी म्हणजे पूर्वीच्या 'एस'ची समाधी. मुका झालेला 'एस' लिहायचं चालूच होतं. अकादमीच्या १७४०च्या कोशानं असे पुष्कळ 'एस' काढून टाकले आणि बऱ्याच ठिकाणी स्वरावर टोपी आली.

मग मेला कशानं? माझ्या मते आमच्या धंद्यात होतं तेच झालं: ज्या लायब्ररीवर हा उभा होता तिचाच सपोर्ट गेला. तो साध्या भूतकाळावर बांधलेला, आणि साधा भूतकाळ बोलण्यातून उठला. लोक 'मी केलेलं आहे' थाटाच्या जोड-भूतकाळावर भागवू लागले. काम्यूनं १९४२ मध्ये 'लेत्रांजे' ही आख्खी कादंबरी मुख्यतः त्याच जोड-भूतकाळात सांगितली. पायाच बोलण्यात राहिला नाही, तर वरचा मजला कोण बोलणार?

त्यात आवाजाचा घात. ह्या काळात 'आस'वर संपणारी रूपं ढिगानं, आणि फ्रेंचमध्ये 'आस' हा शेपटीला लागला की बरेचदा तुच्छता येते, आपल्या 'पोरटं', 'म्हातारडं'सारखी. 'पापरास' म्हणजे नकोशी कागदपत्रं, 'व्हिनास' म्हणजे भिकार दारू. अशा शेपटीनं प्रेमाची भाषा करायची म्हणजे कठीणच.

सरकारनंही शेवटी हात टेकले. २६ फेब्रुवारी १९०१ रोजी शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांच्या आदेशानं मुख्य क्रियापद 'जर-तर'च्या रूपात असेल तर मागे वर्तमानकाळ चालवून घ्यायची मुभा मिळाली. २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशात मुख्य क्रियापद भूतकाळात असतानाही ती सवलत आली. म्हणजे 'यावं असं वाटत होतं' ही आपली सोय परीक्षेत मिळवायला फ्रेंच पोरांना आणखी ७५ वर्षं लागली!

पूर्ण मेला असं मात्र म्हणवत नाही. लिखाणात 'तो'ची रूपं अजून भेटतात, विशेषतः 'असणे'चं 'फ्यू'. 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' ह्यांच्या वाटेला मात्र सहसा कोणी जात नाही, थट्टा करायची असेल तरच.

माझा प्रोग्राम अजून चालतो. 'सावुआर' दिलं की 'स्यूसिए' इमानदारीत छापतो. फक्त त्या ओळीशेजारी मी एक कॉमेंट टाकून ठेवली आहे: जेवणाच्या टेबलावर वापरू नये.