वळिवड्याची पोलिश वसाहत : एका स्थलनामाच्या अनुषंगाने

दुसऱ्या महायुद्धाशी आपल्या मुलखाचा संबंध पलटणभरती व महागाई यांपुरताच आला, असे करवीर भागात सामान्यतः समजले जाते. ही समजूत अपुरी आहे. कोल्हापूरच्या पूर्वेस वळिवडे गावालगत १९४३ साली एक परदेशी वस्ती उभी राहिली व १९४८ पर्यंत नांदली. तीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहात होते.

यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून सायबेरिया, कझाकस्तान इत्यादी प्रदेशांत हद्दपार केले होते. जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये अनेकजण इराणात पोचले व त्यांतील काहींना पुढे हिंदुस्थानात आणले गेले. जामनगरजवळील बालाचडी येथील मुलांच्या छावणीची कीर्ती अधिक झाली. वळिवड्याची वसाहत मात्र तिच्याहून कितीतरी मोठी. शाळा, चर्च, रुग्णालय हे सर्व तेथे होते. तीस छावणी म्हणण्यापेक्षा गाव म्हणणेच युक्त ठरेल.

युद्ध संपले, तरी या गावाची अडचण संपली नाही. ज्या भूमीतून ही माणसे उखडली गेली होती, ती बव्हंशी सोव्हिएत संघात समाविष्ट झाली. परतावयाचे ते कोठे? पुष्कळांनी अखेर ब्रिटन व अन्य देशांची वाट धरली.

त्याच जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि वस्तीस गांधीनगर हे नाव मिळाले. आज ते घाऊक कापडबाजाराचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. नवे नाव रूढ होताच जुन्या वस्तीची आठवण मागे पडली, हे स्वाभाविकच होय. उलट पोलिश आठवणींत मूळ गावाचेच नाव टिकले. पोलिश भाषेत ळकार नाही, म्हणून तेथे त्याचा उच्चार थोडा बदलतो. परिणामी करवीरच्या इतिहासातील या पाच वर्षांची महत्त्वाची साधने पोलिश भाषेत आहेत, आणि मराठी अभ्यासकाने त्या भाषेकडे वळल्यावाचून हे प्रकरण पुरे व्हावयाचे नाही.

वॉर्सात कोल्हापूरच्या नावे स्मारक आहे; ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे अभिवादन केले. कोल्हापुरात महावीर उद्यानात एक स्मारकस्तंभ आहे, आणि ज्यांना येथून पुढे जाता आले नाही त्यांच्या कबरीही याच शहरात आहेत.