कॉफीगृहाचे मालक

कॉफीचा पेला ओठांशी नेताना त्यामागे एखादा लढा असेल, असे सहसा मनात येत नाही. इंडियन कॉफी हाऊसच्या बाबतीत मात्र तसे घडले आहे.

मळेवाल्यांच्या कॉफीला देशातच गिऱ्हाईक मिळावे, या हेतूने कॉफी सेस समितीने १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले कॉफीगृह उघडले. पुढे कॉफी बोर्डाच्या अमदानीत अशी कॉफीगृहे अनेक शहरांतून निघाली. मग १९५७ च्या सुमारास ती बंद करण्याचे बोर्डाने ठरविले. असे निर्णय फायलीत दोन ओळींत मावतात, हे मी सरकारी नोकरीत पाहिले आहे. त्या दोन ओळींनी वाढप्यांच्या चुली विझण्याची वेळ आली.

तेव्हा ए. के. गोपालन यांनी कामगारांना संघटित केले आणि कॉफीगृहे आपणच चालवा, असा मार्ग दाखविला. १९५७ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला पहिली कामगार सहकारी संस्था स्थापन झाली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत तशाच संस्थेचे कॉफीगृह सुरू झाले. कालचा वाढपी आज भागीदार झाला.

गिऱ्हाइकेही स्वस्थ बसली नाहीत. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील कॉफीगृह १९५८ मध्ये बंद होताच प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला आणि ते त्याच वर्षी पुन्हा उघडले. एका पेल्यावर तासन्‌तास बसू देणाऱ्या जागेचे ऋण त्यांनी असे फेडले.

कॉफीगृह वाढणाऱ्याचे आणि बसणाऱ्याचेही असते. दोघांनी ते आपले मानले, म्हणूनच ते टिकले.