लांबच्या पल्ल्याची फटफटी

देवनारचें नांव निघालें कीं मुंबईकराच्या डोळ्यांपुढें १९२७ सालापासून सांचत आलेली कचऱ्याची टेकडी आणि १९७१ सालचा कत्तलखाना ह्या दोनच गोष्टी उभ्या राहतात. परंतु ह्या उपनगराचें तिसरेंहि एक महत्त्व आहे, आणि तें त्याच्या जागेंत आहे. शीवहून पनवेलला जाणारा महामार्ग देवनारच्या कडेनें मानखुर्दला पोंचतो आणि तेथून खाडी ओलांडतो. ठाण्याच्या खाडीवरचा पहिला पूल १९७३ सालीं खुला झाला. त्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास निघालेल्या वाहनाला ठाणें, कळवें, मुंब्रें असा वळसा घालून पनवेल गांठावें लागे. पुलानें तो वळसा वांचविला आणि देवनारचा परिसर हा मुंबईचा एक दरवाजा होऊन बसला. पुणें, कोल्हापूर, कोंकण किंवा गोवें ह्यांपैकीं कोठेंहि मोटारसायकलीनें जाणारे बहुतेक मुंबईकर आज ह्याच दरवाजानें बाहेर पडतात.

अशा प्रवासाची हौस असलेल्या तरुणाच्या घरीं वाहनखरेदीच्या वेळीं एक वाद हटकून होतो. तरुणाची नजर अश्वशक्तीच्या आंकड्यावर असते, वडिलांची किंमतीवर असते, आणि आईला एवढेंच विचारावयाचें असतें कीं, मुलगा रात्रीं सुखरूप परत येईल ना? ह्या तिघांच्या प्रश्नांना मिळून एखादें उत्तर आहे काय, हें पाहावयाचें तर ज्या जातीच्या गाडीवरून हा वाद होतो, तिचा इतिहास चाळला पाहिजे. वेग आणि दूरचा प्रवास ह्यांची सांगड घालणाऱ्या ह्या गाडीस ‘स्पोर्ट टूरर’ असें म्हणतात. तिचा इतिहास म्हणजे वेगाच्या वाढीचा इतिहास असावा, असें वरवर वाटतें. वस्तुतः तो थकव्याशीं मनुष्यानें केलेल्या झगड्याचा इतिहास आहे.

१९०३ सालच्या मे महिन्याच्या १६ तारखेस जॉर्ज वायमन नांवाचा एक अमेरिकन सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला जावयास निघाला. त्याचें वाहन म्हणजे एक भक्कम सायकल आणि तिला जोडलेलें सव्वा अश्वशक्तीचें चिमुकलें एंजिन. पश्चिमेकडील ओसाड मुलखांत धड रस्ताच नव्हता. तेव्हां हा गृहस्थ कित्येक मैल आगगाडीच्या रुळांमधून, स्लीपरांवर आदळत गेला. शेवटच्या दीडशें मैलांत एंजिनानें साफ अंग काढून घेतलें, आणि पायडल मारीत मारीत तो ६ जुलैला मुक्कामीं पोंचला. मोटारच्या बळावर अमेरिका खंड ओलांडण्यास निघून तें तडीस नेणारा हा पहिला मनुष्य होय. ह्या पन्नास दिवसांत वाहनाचा वांटा थोडा आणि शरीराचा फार होता. पुढील शंभर वर्षांत कारागिरांनीं जें कांहीं केलें, तें हा वांटा उलटविण्यासाठींच केलें.

चारच वर्षांनीं, १९०७ च्या मे महिन्यांत, आयल ऑफ मॅन बेटावर ‘टूरिस्ट ट्रॉफी’ नांवाची शर्यत सुरू झाली. पुढें ती जीवघेण्या वेगाबद्दल जगभर गाजली. परंतु तिच्या नांवांत ‘टूरिस्ट’, म्हणजे प्रवासी, हा शब्द उगीच आलेला नाहीं. त्या वर्षींच्या नियमांप्रमाणें प्रत्येक गाडीला नीट बैठक, चिखल अडविणारे पत्रे आणि आवाज दाबणारी नळी असणें सक्तीचें होतें. तेलहि मोजून वापरावयाचें होतें. एका सिलिंडरच्या गाडीनें एका गॅलनांत ९० मैल आणि दोन सिलिंडरच्या गाडीनें ७५ मैल गेलेंच पाहिजे, असा दंडक होता. एका सिलिंडरच्या वर्गांत चार्ली कॉलियर हा १५८ मैलांचें अंतर ताशीं सुमारें ३८ मैलांच्या वेगानें तोडून पहिला आला. जी गाडी प्रवाशाच्या उपयोगाची नाहीं तिनें शर्यत जिंकण्यांत अर्थ नाहीं, हा त्या नियमांमागचा विचार होता. खेळ आणि प्रवास हे दोघे एकाच पाळण्यांत वाढले ते असे.

पुढें रस्ते सुधारले, एंजिनें बळावली, आणि थकव्याचें एक नवेंच कारण पुढें आलें. तें म्हणजे वारा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ६० किलोमीटरला जो दाब छातीवर येतो, तो १२० किलोमीटरला दुप्पट न होतां चौपट होतो. अशा दाबाविरुद्ध चारपांच तास हँडल धरून बसलेल्या मनुष्याचे खांदे आणि मनगटें भरून येतात, आणि मग त्याचें लक्ष उडतें. ह्यावर १९७६ सालीं जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें ‘आर १०० आर एस’ ही गाडी काढून उपाय केला. इटलींतील पिनिनफरिना ह्या संस्थेच्या वातबोगद्यांत पारखून तयार केलेलें, स्वाराच्या पायांपासून छातीपर्यंत आडोसा देणारें कवच तिला बसविलेलें होतें. १९९० सालीं होंडा कंपनीनें युरोपांतील प्रवासासाठींच ‘एस.टी. ११००’ बाजारांत आणली. तिच्या टाकींत २८ लिटर पेट्रोल मावे, आणि मागच्या चाकाला सांखळीऐवजीं दांड्यानें गति मिळत असल्यामुळें सांखळीला तेल घालण्याची कटकट उरली नव्हती. वजन मात्र तीनशें किलोच्या घरांत गेलें. जर्मनींतील ज्या महामार्गांवर कित्येक ठिकाणीं वेगाला कायद्याची मर्यादाच नाहीं, त्या मार्गांनीं ह्या गाड्यांना घडविलें, हें येथें ध्यानांत ठेवावें.

आपल्याकडील रस्त्यांनीं वेगळींच वाहनें घडविलीं. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि ३५० सी.सी.ची बुलेट येथें तयार होऊं लागली. १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यांतून जावा गाडी बाहेर पडूं लागली. तीच पुढें येझदी झाली. ह्या गाड्या वेगवान नव्हत्या. परंतु आडगांवचा मिस्त्री हातोडी-पान्यावर त्या दुरुस्त करूं शके, आणि लांबच्या वाटेवर हा गुण अश्वशक्तीहून मोठा ठरे. परवान्यांच्या त्या काळांत गिऱ्हाइकाला निवड अशी फारशी नव्हतीच.

१९८३ सालीं मात्र निवड करण्याजोगी एक गाडी आली. यामाहाच्या जपानी नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीनें काढलेल्या ‘राजदूत ३५०’ ची शक्ति सुमारें तीस अश्वशक्ति होती. त्या काळच्या बुलेटपेक्षां ती कितीतरी अधिक होती. तरुणांनीं तिला डोक्यावर घेतलें. परंतु मूळच्या जपानी गाडीस पुढें तबकडीचा ब्रेक असे, आणि येथील गाडीस ढोलाचा ब्रेक बसविलेला होता. त्यांत तिला पेट्रोल फार लागे, आणि सुटे भाग महाग पडत. दशक संपतां संपतां ती बंद झाली. आज तिचे चाहते तिला जपून ठेवतात. तथापि पळण्याचें बळ आणि थांबण्याचें बळ बरोबरीनें वाढलें पाहिजे, हा धडा तिनें देऊन ठेवला आहे.

ह्यानंतरचा मोठा फेरफार २००१ सालीं बजाज कंपनीच्या पल्सर गाडीनें महाराष्ट्रांतच घडवून आणला. २००३ सालीं हिरो होंडाची करिझ्मा आली. तिचें एंजिन २२३ सी.सी.चें, आणि पुढें वारा अडविणारें अर्धें कवच. विशाखापट्टणच्या भारद्वाज दयाला ह्यांनीं ह्याच गाडीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. लांबच्या प्रवासाला प्रचंड एंजिनच लागतें हा समज त्यामुळें पुष्कळसा गळून पडला. २०१६ च्या डिसेंबरांत बजाजची डॉमिनार आली. ३७३ सी.सी., ३५ अश्वशक्ति, १८२ किलो वजन आणि १३ लिटरची टाकी, असा तिचा तोल होता. २०१९ सालीं तिची शक्ति ४० पर्यंत वाढविण्यांत आली, आणि २०२१ सालीं वाऱ्याची कांच, हातांचा आडोसा व सामानाची चौकट हें सर्व कारखान्यांतूनच बसवून मिळूं लागलें. ह्या सुधारणेंत वेगाची भर नव्हती, विसाव्याची होती. १९०७ सालच्या पंचांना ती पसंत पडली असती.

आतां पुन्हा देवनारकडे वळूं. ज्याला आपल्या गाडीची शक्ति अजमावयाची आहे, त्याच्यापुढें मुंबईच्या आसपास तीन वेगवान मार्ग आहेत. २०१३ सालीं खुला झालेला, देवनारजवळ पांजरापोळाशीं येणारा ईस्टर्न फ्रीवे हा पहिला, २००२ सालीं पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग हा दुसरा, आणि जानेवारी २०२४ मध्यें सुरू झालेला शिवडी ते न्हावाशेवा अटल सेतु हा तिसरा. ह्या तिन्ही मार्गांवर दुचाकीला मज्जाव आहे. मग ती लाखाची असो कीं पंधरा लाखांची असो. पुण्याला जाणाऱ्या स्वारानें जुनाच महामार्ग धरावा आणि खंडाळ्याची चढण चढावी. बोरघाटांतून गाडीरस्ता झाला तो १८३० सालीं, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतांना. शिवाय २०१८ सालच्या केंद्र सरकारच्या आदेशाप्रमाणें चौपदरी महामार्गावरहि दुचाकीला ताशीं ८० किलोमीटर हीच मर्यादा आहे. ताशीं २०० किलोमीटर धांवणाऱ्या गाडीचा अर्ध्याहून अधिक वेग त्यामुळें घरींच ठेवावा लागतो. किंमत मात्र सगळ्याची मोजावी लागते.

म्हणून निवड करणारानें अश्वशक्तीचा आंकडा शेवटीं वाचावा. प्रथम गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला पुरतात कीं नाहीं हें पाहावें. घाटांतल्या वळणावर मालमोटारीमागें थांबावें लागलें म्हणजे ह्याचें मोल कळतें. पाठीचा कणा फार वांकत नाहीं आणि मनगटांवर शरीराचा भार येत नाहीं, ह्याची अर्धा तास चालवून खात्री करावी. टाकी १३ लिटरची असली आणि लिटरला २५ किलोमीटर धरले, तरी सवातीनशें किलोमीटर निभावतात. मनुष्याला त्याच्या कितीतरी आधीं विसावा लागतो, तेव्हां तेवढी टाकी पुरे. ब्रेक लावतांना चाक अडकूं न देणारी एबीएस ही योजना १२५ सी.सी.च्या वरील गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली आहे. ती एकाच चाकाला आहे कीं दोन्हींना, हें विचारून घ्यावें, आणि दोन्हींना असेल तीच पसंत करावी. मागें बसणाराची बैठक त्यालाच बसवून पाहावी. सरतेशेवटीं, चिपळूण किंवा सावंतवाडीस गाडी अडली तर तिचा सुटा भाग तेथें मिळेल काय, ह्याची चौकशी करावी. परदेशांतून आणलेली दांडगी गाडी पोसणें म्हणजे दारीं हत्ती बांधणें आहे. ज्याची ऐपत असेल त्यानें तो खुशाल बांधावा. परंतु हत्तीवरून गेल्यानें गोवें जवळ येत नाहीं.

अशा रीतीनें पाहिलें म्हणजे घरांतल्या तिघांचा वाद पुष्कळसा मिटतो. जी गाडी स्वाराला कमी थकविते, तीच त्याला लांब नेते. स्वार ताजा असला म्हणजे त्याची नजर रस्त्यावर राहते आणि ब्रेक वेळेवर लागतो. अशी गाडी सहसा सर्वांत महागहि नसते. मुलाची हौस, वडिलांचा हिशेब आणि आईची काळजी ह्या तिन्ही गोष्टी एकाच बैठकींत तोलतां येतात. तेवढ्यासाठीं खरेदीच्या दिवशीं तिघांनींहि दुकानांत जावें. आणि गाडी घरीं आल्यावर पहिल्या दिवशींच गोव्याचा बेत न करतां, पुलापलीकडे पनवेलपर्यंत जाऊन परत यावें, आणि खांदे दुखतात काय तें पाहावें.