हज यात्रेतील दुर्घटना : कारणे आणि उपाय

नवी दिल्ली : हज यात्रेतील मोठ्या दुर्घटनांमध्ये भारतीय यात्रेकरूंनीही प्राण गमावले आहेत.

मक्केजवळील बोगद्यात २ जुलै १९९० रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत १,४२६ जण दगावले. मीना येथे १५ एप्रिल १९९७ रोजी तंबूंना लागलेल्या आगीत ३४३ जणांचा मृत्यू झाला, तर सुमारे दीड हजार जखमी झाले. त्यानंतर तेथे अग्निरोधक तंबू आले. जानेवारी २००६ मधील चेंगराचेंगरीनंतर जमरात पूल पाडून बहुमजली बांधण्यात आला. तरीही २४ सप्टेंबर २०१५ रोजी मीना येथे दोन मार्ग मिळतात त्या ठिकाणी चेंगराचेंगरी झाली. सौदी नोंदीनुसार त्यात ७६९ मृत, ९३४ जखमी झाले. विविध देशांच्या आकड्यांची बेरीज मात्र दोन हजारांहून अधिक होते.

अशा गर्दीत बहुतांश मृत्यू तुडवले गेल्याने नव्हे, तर छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्याने होतात.

२०२४ मध्ये तीव्र उष्म्याच्या काळात १,३०० हून अधिक यात्रेकरू दगावले. त्यांपैकी बहुसंख्य विनापरवाना आलेले असल्याने अधिकृत निवारा व सुविधांपासून वंचित होते. मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय हज समिती यात्रेकरूंना प्रस्थानापूर्वी प्रशिक्षण देते.